पुढच्या चौकीवरची सून

इस्लामपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात आयसीयू म्हटलं की अंजना सिस्टरच, असं ठरूनच गेलं होतं. कोरोनात भल्याभल्यांचे पाय लटपटले, पण ही बाई मागं सरली नाही. माहेर रहिमतपूरचं, सासर सुभेदाराचं. सासरे नाथाजीआबा फौजेतून निवृत्त, नवरा आजही सीमेवर. या घरात 'दमलो' हा शब्द कुणाच्या तोंडून कधी निघाला नव्हता, मग सुनेच्या तोंडून तरी कसा निघावा? साथ सरली, बाकीच्यांच्या ड्यूट्या बदलल्या, अंजना तिथंच. मेट्रन राजेश्वरीबाई म्हणायच्या, "तुझ्यासारखं घट्ट काळीज कुणाचं नाही." एवढं कौतुक करायचं आणि पुन्हा तिथंच उभं करायचं. खंबीर माणसाला ही अशी शिक्षा मिळते बघा.

काळीज घट्ट कसलं, बधिर झालं होतं ते. नुकताच नवरा गेलेली बाई हंबरडा फोडायची आणि अंजना तिच्यापुढं कागद धरून म्हणायची, "इथं सही करा." माणसांची नावं जाऊन चार नंबर, सात नंबर उरले होते. हे तिला कळत होतं. कळूनही काही वाटत नव्हतं, त्याचीच तिला भीती वाटायची.

एका रविवारी तिची लेक सृष्टी सायकलवरून पडली. गुडघा फुटला, रडत आईकडं आली. अंजनानं जखम धुतली, पट्टी बांधली, काम एकदम चोख. आणि वर न बघताच म्हणाली, "चला, पुढचा पेशंट."

पोरगी रडायची थांबली. आईच्या तोंडाकडं बघत राहिली आणि गुपचूप उठून आजोबांना जाऊन बिलगली. अंजना तिच्या मागोमाग आबांपुढं आली.

"आबा, मी राजीनामा देते. माझ्यातलं माणूसच मेलंय. घराण्याला बट्टा लागंल म्हणून इतके दिवस बोलले न्हाई."

आबा तापट माणूस. आता भडकणार, असंच तिला वाटलं.

"बट्टा लागतो म्हणून कुणी सांगितलं तुला?" आबा म्हणाले. "आगं, बर्फातल्या चौकीवर जवानाला कायमचं ठेवत्यात व्हय? मुदत भरली की खाली आणत्यात. कितीबी शूर असू दे. न्हाईतर माणूस कामातनं जातो. मीबी आलोय खाली. मला कोण पळपुटा म्हणालं? राजीनामा कशाला देतीस? बदली माग, ताठ मानेनं माग."

दुसऱ्या दिवशी सगळ्या स्टाफसमोर तिनं बदली मागितली. राजेश्वरीबाई गडबडल्या. "तूच असं म्हणालीस तर कसं व्हायचं गं?"

"बाई, मी दगड झालेय. दगडाच्या हाती पेशंट देऊ नका."

मग कोपऱ्यातून मंगल सिस्टर हळूच म्हणाली, "मलाबी झोप लागत न्हाई." तिच्या शेजारचे तरुण डॉक्टर खाली मान घालून म्हणाले, "मी घरचे फोन घ्यायचे बंद केलेत." राजेश्वरीबाई काही वाईट नव्हत्या. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. तेव्हापासून तिथं आयसीयूची पाळी लागते. काही महिने आत, काही महिने बाहेर, मग कुणी कितीही खंबीर असो. आता दुसऱ्या दवाखान्यांतली माणसं हे बघायला येतात, आणि ही पाळी अंजनानं सुरू केली हे त्यांना आवर्जून सांगितलं जातं. सांगायलाच पाहिजे.

अंजना बाळंतिणींच्या वॉर्डात गेली. लगेच काही चमत्कार झाला नाही. पहिले काही आठवडे ती बाळांना पार्सलासारखी गुंडाळत होती. मग एक दिवस सहज विचारून गेली, "नाव काय ठेवणार?" आणि उत्तर ऐकायला थांबली.

पाळी आली तेव्हा ती आपल्या पायांनी आयसीयूत परतली. तिथं कवठे महांकाळकडची साळूबाई होती, जन्म मेंढरांमागं गेलेली म्हातारी. एका दुपारी ती गेली. अंजनानं नळ्या काढल्या, डोळे मिटवले, अंगावर चादर नीट केली. काम नेहमीसारखंच चोख, पण डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. तिनं त्या पुसल्या नाहीत. म्हातारीच्या लेकाचा हात धरून ती त्याच्याजवळ बसून राहिली.

संध्याकाळी तिनं आबांना हे सांगितलं. आबांनी डोक्यावर टोपी घातली आणि तडक पारावर गेले. तिथं सगळे पेन्शनर बसले होते.

"आज आमच्या अंजनाला ड्यूटीवर रडू आलं," छाती पुढं काढून ते म्हणाले.

त्यांच्यातला हंबीरराव चक्रावला. "आवं सुभेदार, ह्यात एवढं सांगण्यासारखं काय हाय?"

"तुला न्हाई कळायचं, गड्या," आबा म्हणाले. "आमची सून परत आली."