बाहेरून कुलूप, आत माणूस

आमच्या गल्लीच्या तोंडाशी औषधांचं दुकान आहे. त्याच्या जिन्याखाली जेमतेम एक स्टूल मावेल एवढी जागा आहे आणि गेली एकतीस वर्षं तिथे किल्लीवाले काका बसतात. समोर एक फळी, किल्ली पकडून ठेवायला फळीला घट्ट बसवलेला छोटा शिकंजा, पाच-सहा कानशी, मागे खिळ्यांना टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या. जिना चढणारा-उतरणारा प्रत्येक जण त्यांच्या डोक्यावरूनच जातो. "सगळं जग माझ्या डोक्यावर पाय देऊन पुढे गेलं," असं ते म्हणतात आणि आपणच हसतात.

वय सहासष्ट. डावा गुडघा कामातून गेलेला, त्यामुळे उठताना फळीला धरून आधी "चला" म्हणतात, मग उठतात. काकू दुपारी डबा घेऊन येतात तेव्हा दोघांचं बोलणं ऐकण्यासारखं असतं.

"गावाची दारं उघडत बसलेत, आणि घरच्या कपाटाचं दार सहा महिने लोंबतंय."

"कपाट घरातच आहे ना? पळून चाललंय का कुठे?"

"त्याला पाय असते तर गेलंच असतं."

बोलके आहेत, पण एका बाबतीत त्यांचं तोंड शिवलेलं असतं. कोणाची किल्ली केली, कोणाचं कुलूप बदललं, हे ते काकूंनासुद्धा सांगत नाहीत. किल्लीवाल्याला गल्लीतलं सगळं कळतं. भावाभावांत वाटण्या झाल्या की दोन नवी कुलपं लागतात, नवरा-बायकोचं बिनसलं की एक. कोणी आडून आडून विचारलंच तर काका कानस उचलतात आणि जोरात घासायला लागतात. त्या आवाजात विचारणाऱ्याचा प्रश्न विरून जातो.

तीन वर्षांपूर्वी पलीकडच्या गोदामाला आग लागली. त्यानंतर अग्निशमन केंद्राच्या लोकांनी आमच्या भागातल्या चौदा जणांना शिकवून पथक तयार केलं. पथकाच्या प्रमुख आहेत सिस्टर, म्हणजे हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या नर्स. त्यांच्यापुढे डॉक्टरही जपून बोलतात. काकांनी नाव द्यायचं ठरवलं तेव्हा सिस्टरनी गुडघ्याकडे पाहिलं.

"धावता येतं का?"

"पळून जाणाऱ्यांत मी कधीच नव्हतो, सिस्टर."

त्यांना बसून करायचं काम मिळालं. संकट आलं की सगळ्यांनी शाळेच्या मैदानात जमायचं आणि तिथे काकांनी माणसं मोजायची. बाकीच्यांनी जोडीजोडीने घरं रिकामी करायची. दार वाजवायचं, हाक द्यायची, तीनपर्यंत मोजायचं. दाराला बाहेरून कुलूप असेल तर घर रिकामं समजायचं, खडूने फुली मारायची आणि पुढे जायचं. एका दारापाशी वेळ घालवला तर पुढची दहा दारं राहतात. नियम चांगलाच होता. माझ्यासारख्या बायकांचा विचार त्यात कोणी केला नव्हता, एवढंच.

मी रक्त तपासणीच्या लॅबमध्ये पावत्या आणि रिपोर्ट देण्याचं काम करते. नवरा कामासाठी महिन्यातले पंधरा दिवस बाहेरगावी. मुलगी दहा वर्षांची. मला लहानपणापासून काळजी करायची सवय आहे आणि मुलगी झाल्यावर त्या सवयीला कामच मिळालं. सुट्टीच्या दिवशी किंवा ती आजारी असली की मी तिला घरात ठेवून बाहेरून कुलूप लावत असे. तिला पढवून ठेवलं होतं: कोणी दार वाजवलं तर आवाज द्यायचा नाही, खिडकीशी जायचं नाही, घरात कोणी नाहीच असं वागायचं. घरातला जुना फोनसुद्धा, दिवसभर बघत बसून डोळे बिघडतील म्हणून, मी कपाटात कोंडत असे.

त्याच कुलपाची चौथी किल्ली करायला मी गेले तेव्हा काका म्हणाले, "ताई, एका कुलपाला चार किल्ल्या? घर आहे का धर्मशाळा?"

मी हिशोब सांगितला. एक माझी, एक नवऱ्याची, एक पर्सच्या आतल्या कप्प्यात आणि एक ऑफिसच्या खणात. समजा पर्स चोरीला गेली, आणि मुलगी आत...

तिथे मी थांबले, पण काकांना जे कळायचं ते कळलं होतं. त्यांनी कानस घासायला घेतली. किल्ली हातात देताना इतकंच म्हणाले, "कुलूप बळकट आहे. मलाही सहज उघडायचं नाही." मला ते ऐकून बरं वाटलं होतं.

त्यानंतर महिन्याभरातली गोष्ट. मुलीचा ताप उतरला होता, पण शाळेत पाठवण्याइतकी ती बरी नव्हती आणि माझी रजा शिल्लक नव्हती. मी कुलूप लावून कामावर गेले. सकाळी अकराच्या सुमारास आमच्या गल्लीमागच्या बर्फाच्या कारखान्यात अमोनियाची नळी फुटली. पुढचं सगळं मला मुलीने, सिस्टरनी आणि पथकातल्या दूधवाल्याने तुकड्या-तुकड्याने सांगितलं आहे. ते मी इतक्या वेळा विचारलंय की दूधवाला आता मला बघून मोटारसायकल वळवतो.

पथक दहा मिनिटांत गल्लीत आलं. वास अजून हलका होता, वारा उलट्या दिशेचा होता, पण तो फिरेल असं अग्निशमनच्या जवानाने सांगितलं होतं. आमच्या दारात पथकातले दोघं थांबले. दार वाजवलं, "कोणी आहे का?" म्हणून ओरडले, तीनपर्यंत मोजलं. माझी मुलगी आत पांघरुणाखाली श्वास रोखून पडली होती. आईने सांगितलं होतं तसंच अगदी. त्यांनी फुली मारली आणि ते पुढे गेले.

मैदानात काका मोजत होते. ते घरं मोजत नाहीत, माणसं मोजतात, तीही तोंडं बघून. सिस्टर वही घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "झालं. गल्ली रिकामी. कुलूपबंद घरं अकरा, बाकी सगळे आले."

काकांनी वहीतल्या अकरा घरांवरून बोट फिरवलं. सिस्टर सांगतात, काकांचा चेहरा असा झाला होता की त्यांना वाटलं ह्यांना अमोनिया लागला. मग ते फळी नव्हती म्हणून सिस्टरच्याच खांद्याला धरून उठले.

"अकरातली चार रिकामी नाहीत."

"तुम्हाला काय माहीत?"

"माझा धंदा आहे तो."

आणि एकतीस वर्षांत जे केलं नव्हतं ते त्यांनी सगळ्या मैदानासमोर केलं. चारही घरं सांगितली. एका घरात विसरभोळे झालेले आजोबा होते. ते रस्त्यावर भरकटू नयेत म्हणून सून-मुलगा कुलूप लावून कामाला जात. एका घरात रात्रपाळीचा वॉचमन झोपला होता. त्याला कोणी उठवू नये म्हणून त्याची बायको बाहेरून कुलूप घालत असे. एका घरात पाय मोडलेल्या बाई होत्या. आणि चौथं घर आमचं; त्या सकाळी गल्लीच्या तोंडातून मी एकटीच गेले होते, मुलगी शाळेत जाताना काकांना दिसली नव्हती.

कुलूप कापायचा कटर अग्निशमनच्या गाडीत होता आणि गाडी कारखान्यात अडकली होती. जवानाने चार मास्क दिले आणि पंधरा मिनिटांत परत फिरा म्हणून बजावलं. दूधवाल्याने काकांना मोटारसायकलवर मागे बसवलं, पथकातले आणखी दोघं मागोमाग निघाले.

पहिली तीन कुलपं काकांनी सात मिनिटांत उघडली. आजोबा स्वतःच चालत बाहेर आले आणि "जेवण झालंय का तुमचं?" असं विचारू लागले. पाय मोडलेल्या बाईंना त्या दोघांनी खुर्चीसकट उचललं. वॉचमन मात्र उठेना. काकांनी त्याच्या तोंडावर तांब्याभर पाणी ओतलं तेव्हा तो "चोर" म्हणून ओरडला.

मग आमचं घर. काका कुलपाशी खाली बसले आणि तारेचा आकडा आत घालून फिरवत राहिले. एक मिनिट गेलं, दोन गेली. वारा फिरला होता, वास आता चांगलाच जाणवत होता. दूधवाला सांगतो, काका पुटपुटत होते, "हे कुलूप मी तेव्हाच बदलायला लावायला हवं होतं." शेवटी दूधवाल्याला राहवेना.

"काका, कुलपाशी कशाला भांडताय? कोयंडा काढा ना."

काका त्याच्याकडे बघतच राहिले. जन्मभर कुलपंच उघडलेल्या माणसाला कोयंडा दिसलाच नव्हता. त्याला चार स्क्रू होते. पेचकस फिरला, कोयंडा निघाला, आणि माझं ते बळकट कुलूप जसंच्या तसं बंद राहून खाली पडलं.

पलंगावर मुलगी नव्हती. वास आल्यावर ती न्हाणीघरात गेली होती आणि आतून कडी लावून बसली होती.

"बाळ, बाहेर ये. मी किल्लीवाले काका."

आतून आवाज आला, "आईने सांगितलंय, कोणालाही दार उघडायचं नाही."

दूधवाला घाबरून दाराला खांदा लावायला निघाला होता. काकांनी त्याला हाताने थांबवलं.

"आईने बरोबर सांगितलंय. तू उघडू नकोस. मी उघडतो."

दाराच्या बिजागऱ्या बाहेरच्या बाजूला होत्या. त्यांनी त्यांच्या सळया ठोकून वर काढल्या आणि दोघांनी मिळून दार उचलून भिंतीला टेकवलं. मुलगी पालथ्या बादलीवर बसली होती, तोंडावर ओला टॉवेल धरून. दार गेलं तरी ती जागची हलेना. "पण मी उघडलं नाहीये," असं तिने आधी स्पष्ट केलं, मग आली.

मी मैदानात पोचले तेव्हा बाराला पाच मिनिटं होती. रस्ता अडवलेला होता आणि लॅबपासून मी कशी आले ते मला आजही नीट आठवत नाही. ती काकांच्या शेजारी बसून माणसं मोजत होती. डोळे लाल, थोडा खोकला, बाकी धड. मला बघून म्हणाली, "आई, तू एकशे बारावी." मी तिच्या केसांत तोंड घातलं. मग काकांच्या पाया पडायला वाकले.

"राहू द्या, ताई," ते म्हणाले. "मी तुमचा कोयंडा काढलाय. तो बसवून देतो."

पुढचे काही दिवस त्यांना सोपे गेले नाहीत. आजोबांच्या सुनेने जिन्याखाली येऊन त्यांना ऐकवलं की आमच्या घरची लक्तरं तुम्ही वेशीवर टांगलीत. लोक काय म्हणतील हे तिला छळत होतं. मला तिचं दुःख कळत होतं. मलाही दुकानात, लॅबमध्ये बायकांच्या नजरा टोचत होत्या. काकांनी उलट उत्तर दिलं नाही. मोठ्याने कानसही घासली नाही. "बोललो खरं," एवढंच म्हणाले. आठवड्याभराने तिचा नवरा, आजोबांचा मुलगा, आला आणि त्यांच्या फळीवर डोकं टेकवून गेला.

पथकाची बैठक झाली, त्या चारही घरच्यांना बोलावलं होतं, तेव्हा सिस्टर वही उघडून म्हणाल्या, अशा सगळ्या घरांची यादी करू. काका म्हणाले, कागदावर नको. आत कोण एकटं असतं ह्याची यादी चोराच्या हाती पडली तर त्याला आमंत्रणच. पण एकट्याच्या डोक्यात राहूनही चालणार नाही, कारण त्यांच्या गुडघ्याचा भरवसा नाही आणि उरलेल्या माणसाचाही नाही. दुसरं कोणीतरी हवं.

"कोण?" सिस्टरनी विचारलं.

काकांनी माझ्याकडे बोट केलं. "ह्या बाई. चार किल्ल्यांचा हिशोब ठेवतात, घरं काय जड आहेत त्यांना?"

लोक हसले. मीही हसले. त्या दिवसापासून मी पथकात आहे. दर सोमवारी लॅबमधून येताना जिन्याखाली थांबते आणि काका पाढे म्हणवून घ्यावेत तशी घरं म्हणवून घेतात. कोणत्या घरात कोण, किती वाजेपर्यंत, ऐकू येतं का, चालता येतं का. चुकले तर "पुन्हा" म्हणतात. माझी काळजी करण्याची सवय गेलेली नाही, पण आता ती एका घरात मावत नाही. आमच्या दाराला आतून उघडणारी कडी आहे आणि मुलीला पथकाची हाक ओळखता येते. तिने ती हाक स्वतःच ठरवली आहे.

गेल्या सोमवारी मी घरं म्हणत असताना एक तरुण बाप आला. नुकताच राहायला आलेला असावा. किल्ली पुढे केली, दुसरी करायची म्हणाला आणि मग इकडेतिकडे बघत काकांच्या कानाशी कुजबुजायला खाली वाकला. काकांनी कानस खाली ठेवली.

"मला सांगताय ते ह्यांनाही सांगावं लागेल."

तो माझ्याकडे बघून अवघडला. किल्ली परत घेऊन निघून जाईल असं वाटलं. मला त्याची ती नजर पाठ होती. मी जिन्याच्या खालच्या पायरीवरची डब्याची पिशवी उचलून त्याला बसायला जागा केली.

"बसा," मी म्हटलं. "आधी माझं सांगते. मी माझ्या मुलीला कोंडून कामावर जायची."

तो बसला. काकांनी त्याची किल्ली शिकंज्यात धरली आणि घाई न करता घासायला घेतली.