खिसा चार बोटं खाली

कोटांच्या त्या कंपनीत सगळे तिला कटरबाई म्हणत. एक्केचाळीस वर्षं तिने कोट बेतले, कापले. पण कंपनीच्या एकाही भिंतीवर तिचं नाव नव्हतं. ते कुठेतरी असावं, एवढी एकच हाव तिला होती. बाकी बाबतींत बाई शहाणी.

थोरल्या मालकांनी धंदा काढला तो गॅरेजात, दोन मशिनींवर. गिऱ्हाईक कोण, तर मासळीच्या कोल्ड स्टोरेजमधले हमाल. त्यांच्या कमरेला उजवीकडे पेट्या ओढायचा लोखंडी आकडा लटके आणि तो खिशात अडके. म्हणून कटरबाईने उजवा खिसा चार बोटं खाली, तिरका घेतला. मालक भडकले, "हा काय वाकडेपणा?" हमाल मात्र तोच कोट मागू लागले. पुढे कोल्ड स्टोरेजवाल्याच्या सुनेने गंमत म्हणून तो अंगात घातला, तिचा फोटो मासिकात छापून आला, आणि ज्यांना थंडी फक्त गाडीतून उतरून हॉटेलात शिरेपर्यंत वाजते त्यांची रांग लागली. गॅरेजचं दुकान झालं, एकाची आठ झाली. कोट तोच. आत कापसाऐवजी हंसाची पिसं, आणि किंमत अशी की हमालाने वर्षभर उपाशी राहून एक बाही घ्यावी. वाकडा खिसा आता 'आमची ओळख' झाला.

यंदा कंपनीला पन्नास वर्षं झाली. कारभार मालकांच्या नातीकडे. तिने मोठ्या दुकानाच्या माडीवर कंपनीचा इतिहास मांडला आणि नऊ वर्षांपूर्वी घरी बसलेल्या कटरबाईला गाडी पाठवून आणवलं. भिंतीवर पितळी पाटी होती, तिचं अख्खं नाव कोरलेली. कटरबाईने ती दोनदा वाचली, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा.

"आवडली ना, मावशी? आता कॅमेऱ्यासमोर एवढं वाचा."

कागदावर होतं : आजोबा तरुणपणी बर्फाच्या शिखरावर वादळात सापडले, तिथे त्यांना हा कोट सुचला, तिरका खिसा बर्फ फोडायच्या कुऱ्हाडीसाठी.

"तुझे आजोबा? त्यांना गॅरेजच्या तीन पायऱ्यांनी धाप लागायची."

"अहो, लोकांना गोष्ट लागते."

"आहे की. मासळीची."

"या किमतीला मासळीचा वास चालत नाही, मावशी."

"मग किंमत उतरव."

कॅमेरावाल्याला हसू फुटलं. नातीने पाहताच त्याने ते खोकल्यावर नेलं.

नात गोडच बोलली. "हे वाचलंत तर पाटी राहील. नाही तर मला ती ठेवता येणार नाही. बघा तुम्ही."

कटरबाईला उगाच देवी करायला नको. तिने कागद घेतला आणि पहिली दोन वाक्यं खणखणीत वाचलीही. 'त्यांना हा कोट सुचला' इथे मात्र तिची जीभ अडली. वादळ, शिखर, कुऱ्हाड, सगळं तिने गिळलं असतं. पण तो खिसा तिचा होता, आणि त्यापायी तिने शिव्या खाल्ल्या होत्या.

तिने कागद घडी करून नातीच्या हातात ठेवला आणि कोपऱ्यात फळ्या ठोकणाऱ्या सुताराकडे गेली.

"भाऊ, ती पाटी उतरवा."

"आत्ताच तर लावली, आजी."

"मग निघेल पटकन."

चौथा स्क्रू निघेपर्यंत ती तिथेच उभी राहिली.