शेरडांनी खुडलेले शेंडे

त्या साली देवावरचा माझा भरवसा उडाला होता. घरची जाऊन आठ महिने झालते. ती दरसाल पहिल्या वेचणीच्या कापसाची वात वळून खंडोबापुढं लावायची. जाताना म्हणाली, "वात तेवढी चुकवू नका." आणि त्याच साली कापसाची पऱ्हाटी माझ्या छातीच्या वर गेली, हिरवीगार माजली, पण कळी काही धरीना. सून म्हणायची, "मामा, शेंडे खुडा." मी म्हणायचो, "वाढतं झाड कावून मोडू? मला शिकवू नको." शाळा माझी दुसरीपातूर. पण रानातलं कुणी शिकवलेलं मला खपत न्हाई.

एका सकाळी रानात गेलतो, तर कुण्या अनोळखी धनगर म्हातारीची शेरडं पऱ्हाटीत. बांधाकडच्या चार ओळींचे शेंडे फस्त! काठी घेऊन धावलो. "डोळे फुटले का गं म्हातारे?" ती जागची हलली न्हाई. "वरचंच खाल्लंय रं बाबा. खालचं तुझं तुलाच हाय." हसली आणि शेरडं हाकीत टेकाडाआड गेली. त्या दिशी मी जेवलो न्हाई. खंडोबाला म्हणलं, घरची नेलीस, आता पीकबी ने.

पंधरा-वीस दिवसांनी त्याच चार ओळींना बगलेतून फांद्या फुटल्या, कळ्या लागल्या. फूल आलं, पहिल्या दिशी पिवळट, दुसऱ्या दिशी गुलाबी. मग बोंडं. बाकी रान नुसतं पानांचं. सुनेला सांगितलं तर ती आधी हसली, मग रडली. "आत्याबाई दरसाल खुडायच्या, मामा. तुमी धारूरच्या बाजाराला गेला की आमी दोघी. यंदा एकटीला धीर झाला न्हाई." चाळीस वर्षं ज्या बोंडांची मी फुशारकी मारली, ती घरचीच्या बोटांची होती. तिच्या नखांत हिरवं कावून असायचं, हे मी कधी इचारलंच न्हाई.

उरलेले शेंडे मी सोत्ता खुडले. उशीर झालता, थोडंच पिकलं. म्हातारीला बाजारात, वस्त्यांवर लई हुडकलं. कुणालाच ठावं न्हाई. ती कोण होती, यावर मी वाद घालत न्हाई. माझ्या हातून सुटत नव्हतं, ते खंडोबानं शेरडांकडून सोडवून घेतलं, एवढंच मला कळतं.

त्या चार ओळींचा कापूस वेचला, सरकी काढली, वात वळायला बसलो. बोटं काही वळेनात. शेवटी सुनेपुढं कापूस धरला आणि म्हणलं, "शिकव, पोरी."

वात वाकडीच झाली. खंडोबापुढं तीच लावली. सकाळपातूर जळली.