कल्ल्यांतले पांढरे किडे

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका सीफूड कंपनीच्या लॅबमध्ये मी काम करते. माशांची आतडी, कल्ले, त्यातले जंत हे माझं रोजचं काम. त्यामुळे किळस हा प्रकार माझ्यापुरता संपला, असं मी घरी सगळ्यांना सांगायचे.

आमच्या कंपनीला एका नव्या फार्मवरून क्रेफिश घ्यायचे होते. क्रेफिश म्हणजे गोड्या पाण्यातला लहानसा शेवंडच. फार्म अल ऐनच्या वाटेवर, वाळूत उभारलेल्या शेडमध्ये. तिथला मॅनेजर सांगलीकडचा निघाला. मराठी ऐकून इतका खुलला की म्हणाला, "मॅडम, सॅम्पल घ्या, पण जेवल्याशिवाय सोडणार नाही. घरात सांगितलंय मी."

टाकीतून काढलेला पहिला क्रेफिश मी ट्रेमध्ये उलटा धरला. पोटाखाली, पायांच्या सांध्यात पांढरं काहीतरी चिकटलं होतं. मला वाटलं, बुरशी. भिंग लावलं तर ती बुरशी हलत होती. तांदळाच्या कणीएवढे मऊ किडे, बूड कवचाला चिकटवून उभे, आणि पुढच्या टोकाची पाच बोटं हवेत चाचपडत. कवच उचकटलं तर कल्ल्यांतही तेच, एकमेकांवर चढलेले. मधेमधे खसखशीसारखी अंडी. एक किडा माझ्या ग्लोव्हवर आला आणि जळवेसारखा वाकत वाकत मनगटाकडे निघाला. मी हात इतक्या जोरात झटकला की ट्रे खाली पडला.

"काही होत नाही त्यानं," मॅनेजर हसला. "माणसाला चावत नाहीत, मॅडम."

ते मलाही ठाऊक होतं. नदी-ओढ्यातले क्रेफिश कच्चे खाल्ले तर फुप्फुसात कृमी जाऊ शकतात, पण हे किडे तसले नव्हते. वरवर राहणारे, उकळत्या पाण्यात मरणारे. पण हे मनगटाला कोण समजावणार? ग्लोव्ह काढून मनगट तीनदा धुतलं तरी तिथे काहीतरी वळवळत होतं.

शेडमागच्या खोलीत पानं मांडली होती. मॅनेजरच्या बायकोनं क्रेफिशचा तांबडा रस्सा केला होता. वर तेलाचा तवंग, आणि त्यातून बाहेर आलेल्या मिशा. मॅनेजरनं एकाचं डोकं मोडलं, तोंडाला लावलं आणि फुर्र करून आतलं सगळं ओढून घेतलं. "खरी चव इथं असते, घ्या!" म्हणत दुसरं डोकं त्यानं माझ्या ताटात ठेवलं. मोडलेल्या कडेला कल्ल्यांची पांढरी झालर लोंबत होती. तोंडात पाणी सुटलं, ते ओकारीआधी सुटतं तसलं.

"माझी आज चतुर्थी आहे," मी म्हणाले.

मॅनेजर चावायचा थांबला. "चतुर्थी गेल्या आठवड्यात झाली ना?"

माझी मान खाली गेली. पण त्याच्या बायकोनं माझं ताट उचललं आणि मला आत ओट्याशी नेलं.

"मीसुद्धा नाही खात हो," ती हळूच म्हणाली. "शिजवायच्या आधी ब्रशनं घासते ना मी. किडे सिंकमध्ये पडले तरी बोटं हलवत बसतात मेले. स्वप्नातसुद्धा दिसतात."

तिनं स्वतःपुरतं पिठलं केलं होतं. आम्ही दोघी तिथेच उभ्यानं पिठलं-भात जेवलो. बाहेरून फुर्र फुर्र चालूच होतं. प्रत्येक आवाजाला ती डोळे मिटायची आणि मी घास गिळायची थांबायचे.

रिपोर्टमध्ये मी जे खरं ते लिहिलं: माणसाला धोका नाही, पण किडे भरपूर, मिठाच्या पाण्यात ठेवून पुन्हा सॅम्पल पाठवा. दुसरं सॅम्पल स्वच्छ आलं. माल पास झाला. आता तो सुपरमार्केटात उकडून बर्फावर मांडलेला दिसतो, लालभडक, देखणा.

गेल्या शुक्रवारी नवऱ्यानं हौसेनं कोळंबी आणली. मी साफ करायला बसले, पहिलीचं डोकं मोडलं आणि तशीच उठले.

"ममा, यू सेड तुला कशाचीच किळस येत नाही," लेक म्हणाली.

उरलेली कोळंबी नवऱ्यानं साफ केली. मी तेवढा वेळ बाल्कनीत जाऊन उभी राहिले.