तेलकट डोकी आणि तारांची टोपी

आमच्या खोलीत मेंदू कमी आणि किस्सेच जास्त रेकॉर्ड होतात. गोंदियात आमचं छोटंसं सेंटर आहे. डाऊन सिंड्रोम असलेल्या मोठ्या माणसांच्या मेंदूचे भाग आपसात कसे बोलतात आणि त्याचा त्यांच्या समजेशी काय संबंध, हे आमच्या मॅडम शोधतात. मी टेक्निशियन. डोक्यावर तारांची टोपी बसवायची, प्रत्येक तारेखाली जेल घालायचं, स्क्रीनवर रेघा नीट येतात का ते बघायचं, एवढं माझं काम. मॅडमचं डोकं खाणं हे वरकाम.

*

टोपीचा एक नंबरचा वैरी म्हणजे तेल. तेलकट डोक्यावर रेघा धड येतच नाहीत. म्हणून फोनवर पुन्हा पुन्हा बजावायचं, तेल लावू नका. पण पोरीला शहरात डॉक्टरकडे न्यायचं आणि तेही कोरड्या केसांनी? कुठली माय नेईल!

कामठ्याची गीता पहिल्यांदा आली तेव्हा तेल कपाळावर ओघळत होतं. चांगली सव्वीस वर्षांची गीता, दोन घट्ट वेण्या, लाल रिबिनी. तिची आई म्हणाली, "थोडुसंच लावलं जी. लोकं म्हणतीन, मायनं तशीच आणली."

तेव्हापासून सेंटरात बादली आणि शाम्पू कायमचा आलाय. नवीन माणूस दारातून डोकावला की ब्यूटी पार्लर समजून परत जातो.

केस धुता धुता त्या माउलीनं मनातलं विचारलं. नागपूरला तिचं गर्भाशयाचं ऑपरेशन ठरलं होतं आणि ती ते टाळत होती, कारण गीता एक रात्रही तिच्याशिवाय राहिली नव्हती. "तुमची मशीन सांगन का, ही माझ्याबिगर राहीन का नाही?"

मशीन तसं काही सांगत नाही, असं मी म्हटलं. फार वाईट वाटलं मला. ती बिचारी तेवढ्यासाठीच आली होती.

*

दरेकशाचे सुखदेवभाऊ आपल्या बाबांबरोबर पहाटेची गाडी पकडून आले. टोपी बसवली, दिवे मंद केले, "भाऊ, डोळे मिटा, शांत बसा" म्हटलं. थोड्या वेळानं ना पापणी हलते, ना जबडा. इतका शांत माणूस आम्ही पाहिला नव्हता. मॅडम खूश!

मग घोरणं सुरू झालं. आम्हाला जागा मेंदू हवा होता. उठवलं तर भाऊ चिडले, "तुम्हीच तं म्हटलं, डोळे मिट म्हणून."

*

त्याच दिवशी मॅडमनी त्यांना प्रश्न विचारले. शेजारच्या घरातून धूर निघताना दिसला तर काय कराल?

"चाय प्यायले जाईन."

मॅडमनी शून्य दिलं. कागदावर उत्तर होतं, मदतीला लोक बोलवीन. मी म्हटलं, बाहेर बाबा बसलेत, त्यांनाही विचारून बघू. बाबा म्हणाले, "चूल पेटली असन, अजून काय?" दोन्ही पिढ्या नापास! मॅडमनी मुकाट्यानं प्रश्न बदलला.

*

बाबांनीही मग एक प्रश्न काढला. ह्या रेघांत दिसते तरी काय? मॅडम उत्साहानं सांगू लागल्या. मेंदूचे भाग आपापले गट करून काम करतात, आणि सुखदेवभाऊंसारख्यांच्या मेंदूत कधी कधी गटांची सरमिसळ जरा जास्त होते, असं दिसतं.

बाबांनी मान डोलावली. "म्हणजे आमची ग्रामसभा. रस्त्याचा विषय निघाला का नळवालेबी बोलतात."

मॅडम आता भाषणांत हेच सांगतात. बाबांचं नाव मात्र घेत नाहीत.

*

धानाची कापणी उरकली की आमची दुसरी फेरी असते. गीता आणि तिची आई आल्या. आई हळूहळू चालत होती. गीताच्या एका खांद्यावर पिशवी, दुसऱ्या हातात आईचा दंड. ऑपरेशन झालं होतं! मी धावतच पुढे गेले आणि विचारलं, गीता राहिली का?

आई सांगू लागली. गीता कामठ्यात तिच्या बाबाजवळ होती. आई रोज संध्याकाळी दवाखान्यातून फोन लावायची आणि आवाज ऐकला की रडायची. गीता म्हणायची, जेवण झालं, आता झोपतो, आणि फोन ठेवून द्यायची.

मी टोपी उचलली आणि गीताला खुर्चीवर बसायला सांगितलं. तिनं आईला बसवलं.

"पयले हिले घाला टोपी, ताई. माझ्याबिगर हिलेच करमत नाही."