भिंतीला पाठ लावून बसणारी टोळी

कुठल्याही ठाण्याच्या दफ्तरी नोंद नसलेले ते प्रकरण मी अजून विसरलेलो नाही. महाराष्ट्र पोलिसांतून निवृत्त झाल्यावर मी सौदी अरेबियात रास तनुराजवळच्या एका कंपनी वसाहतीत सुरक्षा अधिकारी होतो.

खबर वसाहतीतल्या, मूळच्या रत्नागिरीकडच्या चहावाल्याने दिली. "साहेब, आपल्याकडच्या सहा पोरांनी गँग काढलीय. मनगटाला काळी फीत, दप्तरात सायकलची साखळी." त्याच आठवड्यात पलीकडच्या गल्लीतल्या एका मुलाचे डोके फुटले आणि त्याच्या बापाने कंपनीकडे तक्रार केली.

व्यवस्थापकांनी बैठक घेतली. तीत खजूर वाटले गेले, एक घोषवाक्य ठरले आणि सहाही मुलांची नावे पोलिसांना कळवायचे ठरले. तसे झाले असते तर बापांचे इकामेच, म्हणजे तिथे राहण्याचे परवानेच, धोक्यात येऊन घरे परत गेली असती. त्यांतला एक वेल्डर माझ्या दारात येऊन एवढेच म्हणाला, "पोराला काय ती शिक्षा द्या साहेब, पण इथं राहू द्या." मी ईदपर्यंत मुदत मागून घेतली.

आधी नुसते पाहिले. दादागिरी करणारे रस्त्याच्या मधोमध बसतात. ही मुले चहाच्या दुकानाशी भिंतीला पाठ लावून बसत. तसा घाबरलेला माणूस बसतो.

मग एकेकाला फाटकाजवळच्या खोलीत बोलावले. म्होरक्या कोण, ते कोणी सांगेना. एकाने तर 'नो कमेंट' म्हटले. सिनेमे त्यानेही पाहिले होते. शेवटी वेल्डरचा मुलगा आला. त्याला प्रश्न बदलून विचारला, पहिला मार कोणी खाल्ला?

त्याने चहाचा कप बाजूला सारला. "मी. शाळेच्या बसमधून उतरलो की पलीकडच्या गल्लीतली पोरं पाण्याच्या टाकीमागं मारायची. रोज. इंग्लिश येत नाही म्हणून. मग शेजारचा माझ्यासोबत चालायला लागला, तर त्यालाही मारलं. मग तिसरा आला."

"आणि साखळी?"

"माझी. मारली पण मीच."

अमेरिकेत गेलेल्या कंबोडियन निर्वासितांच्या मुलांच्या टोळ्यांविषयी मी वाचले होते. युद्धातून वाचलेली घरे, आईबाप कामावर, रस्त्यावर रोज मार. आधी सोबत, मग नाव, मग हत्यार, मग तेच नाव पुढच्या शहरात. आम्ही तिसऱ्या पायरीवर होतो.

मुलाला बापासह जखमी मुलाच्या घरी नेले. त्याने माफी मागितली. तिथल्या बापाने भरपूर आवाज केला, मग स्वतःच्याच मुलाला विचारले, "तू टाकीमागे काय करत होतास?" मुलगा आतल्या खोलीत निघून गेला. तक्रार मागे घेतली गेली आणि नावे पोलिसांकडे गेली नाहीत. बसचा थांबा फाटकासमोर, पहारेकऱ्याच्या नजरेत आणला. त्याला तीन सह्या लागल्या. घोषवाक्याला एकही लागली नव्हती.

टोळी मोडायला गेलो की ती घट्ट होते. मुलांना घरापर्यंत निर्धास्त चालता आले, की तिचे कामच उरत नाही. ईदनंतर ही टोळी फुटली, पहिली बॅटिंग कोणाची यावरून. वेल्डरचा मुलगा रीतसर तक्रार घेऊन आला. मी ती नोंदवून घेतली नाही.