उजवा पाय

"उठ रे थंयसून. पाद्रींनी ह्या पायाक ओठ लावचे काय?"

भाटकार हे मोठ्याने बोलला नाही. पण पवित्र गुरुवारी इगर्जीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, घंटा वाजत नाही, बाजाची पेटी वाजत नाही. सगळं चिडीचूप. दाराशी खाली बसलेल्या बायकांपर्यंत ते शब्द पोचले. माझ्या आईपर्यंत पोचले.

मी अठरा वर्षांचा होतो. वेदीसमोर लांब बाक मांडलेला. त्यावर आम्ही बाराजण, बारा शिष्यांच्या जागी. प्रभूने शेवटच्या जेवणाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले, तसे पाद्री आमचे धुणार, पुसणार, आणि एकेका पावलाला ओठ टेकवणार. माझा चुलता दरवर्षी त्या बाकावर बसायचा. त्या वर्षी तो बोटीवर कामाला गेला आणि त्याची जागा मला मिळाली. आईने माझ्या विजारीच्या उजव्या पायाची शिवण उसवून तिथे पट्टी जोडून दिली होती. पाय आत जावा म्हणून. आणि कुणाला कळू नये म्हणून.

पण धुतात तो उजवाच पाय. ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

विजार वर केली तेव्हा शेजारचा माणूस सरकला. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत सगळं एकच झालेलं. कातडी जाड, करडी. बोटांच्या बेचक्यांत पाणी धरलेलं. त्याला वास येत होता. मला माहीत होता तो वास.

मी काय केलं ते सांगतो. लपवत नाही. मी पाद्रींकडे बघून म्हटलं, "पाद्रीबाब, डावो पाय बरो आसा माजो. डावो धुवा."

सौदा केला मी. माझ्या देवाच्या घरात, माझ्या एका पायासाठी दुसऱ्या पायाचा सौदा. अपमान भाटकाराने केला तो एक. हा दुसरा माझा मीच केला. तो जास्त वर्षं टिकला.

पाद्री हातातल्या तांब्याकडे बघत राहिले. भाटकाराने खूण केली आणि त्याचा पुतण्या पायांतले बूट काढत आला. बूट, मग मोजे. माझ्या जागेवर बसला. मी दारापर्यंत चालत गेलो. पाय ओढत. बायकांनी लुगडी आवरून घेतली.

भाटकार म्हणजे जमिनीचा मालक. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे आमची वाळूची पट्टी. तिच्यावरचे अर्धेअधिक माड त्याचे. आमचं घर त्याच्याच जमिनीवर. तोही ख्रिस्ती, आम्हीही ख्रिस्ती. पण तो पहिल्या बाकावर आणि आम्ही मासे मारणारे मागे, जमिनीवर. सणाच्या दिवशी तांबडा झगा घालून, चांदीच्या मुठीची काठी घेऊन मिरवणुकीत पुढे चालायचा मान त्याच्या घराण्याचा. त्या वेळी गोव्यात अजून पोर्तुगीज होते. त्यांच्याकडून आलेल्या रिती आमच्याकडे देवापेक्षा जुन्या असल्यासारख्या पाळत.

घरी आल्यावर बापूस जाळं घेऊन बसला. तो काय बोलणार? डोक्यावरचं छप्पर दुसऱ्याच्या झावळ्यांचं. आई मात्र बोलली. चुलीसमोर बसून, माझ्याकडे न बघता.

"खंय चुकलंस रे झिला तू? देवाक काय तरी लागला आसतला."

आईवर माझा राग नाही. तिला तेवढंच शिकवलेलं. दुखणं आलं म्हणजे देव रागावला. हात जोडून तिने विचारायचं ते एवढंच, की कशासाठी.

सोळाव्या वर्षी पहिला ताप आला होता. आधी हुडहुडी, दात वाजायचे. मग जांघेत गाठ. मग मांडीवरून खाली लाल रेघ, विस्तवासारखी. चार दिवसांनी ताप उतरायचा आणि पाय थोडा जाड ठेवून जायचा. दर महिना-दीड महिन्याने हेच. रापण, किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ती ओढायला बापसाबरोबर जायचो, ते सुटलं. वाळूत पाय रोवून दोर ओढायचा तर पाय पाहिजे. चुलत्याचं हातमशीन घरात पडून होतं. मी शिवणकाम शिकलो. बसून करायचं काम. पलीकडच्या वाडीतल्या एका मुलीशी माझं ठरत आलं होतं. तिच्या बापाने पाय बघितला आणि निरोपसुद्धा पाठवला नाही. नुसतं येणं बंद केलं.

पोरं मला खांब म्हणायची.

त्या गुरुवारनंतर मी इगर्जीत गेलो नाही. दीड वर्ष. आई संध्याकाळी तेर्स म्हणायची, मण्यांवर मोजत, आणि मी भिंतीकडे तोंड करून पडायचो. पण खोटं कशाला बोलू. ताप चढला की ओठ आपोआप तेच म्हणायचे. नमो मारिये, नमो मारिये. मला नको असताना. मग ताप उतरला की मला माझीच चीड यायची. ज्याच्या घरातून हाकललं त्यालाच मारतोस हाका?

मग एका पावसाळ्यात पायाला जखम झाली आणि चिघळली. शेजारचा एक मासेमार, हिंदू, माझ्याच वयाचा. त्याने मला उचलून होडीत घातलं आणि खाडीपलीकडे मिशनच्या दवाखान्यात नेऊन सोडलं. तिथे एक सिस्टर होती. मंगळूरकडची. ठेंगणी, काळी, चष्म्याची. तिची कोकणी आमच्यापेक्षा वेगळी, पण कळायची.

तिने माझा पाय मांडीवर घेतला. मी ओढून घेतला. तिने पुन्हा घेतला. कोमट पाणी, साबण. एकेका बोटाची बेचकी तिने उघडून पाहिली, धुतली, फडक्याने टिपून कोरडी केली. तोंड फिरवलं नाही. ओठ टेकवले नाहीत, कसला देखावा केला नाही. धुतला. धुवायचा असतो म्हणून.

"हें तुवें दिसाक दोन फावट करूंक जाय," ती म्हणाली. दिवसातून दोनदा.

मी विचारलं, "बरो जातलो मां?"

तिने चष्म्यावरून बघितलं. "ना. बरो जावचो ना. पूण हाच्यापरस चड वाडूंक दिवचो न्हय." बरा होणार नाही, पण आहे त्यापेक्षा वाढू द्यायचा नाही.

पाय सुजायला लागल्यापासून माझ्याशी खरं बोललेलं ते पहिलं माणूस.

मग मी जे आतल्या आत कुरतडत होतो ते विचारलं. माझं पाप काय? ती हसली नाही. म्हणाली, डास चावतो, त्यातून किडा रक्तात जातो, त्याने पाय सुजतो. डास भाटकारालाही चावतो. आणि मग हात पुसत तिने मला जन्मांध माणसाची गोष्ट सांगितली. शिष्यांनी प्रभूला विचारलं होतं, हा आंधळा जन्मला तो कुणाच्या पापाने, याच्या की आईबापांच्या? आणि प्रभू म्हणाला होता, कुणाच्याच नाही.

मी म्हटलं, "परत सांगा."

तिने परत सांगितली.

ही गोष्ट शुभवर्तमानात होती. आमच्या इगर्जीतल्या वेदीवरच्या त्या जाड ग्रंथात होती. दरसाल वाचली जात होती. लॅटिनमध्ये. माझी आई पन्नास वर्षं त्या शब्दांसमोर गुडघे टेकून बसली होती आणि घरी येऊन मला विचारत होती, खंय चुकलंस.

होडीतून परत येताना मी रडलो. शेजाऱ्याने वल्ही मारता मारता विचारलं, "दुखता काय रे?" मी नाही म्हटलं. खरोखर दुखत नव्हतं असं नाही. पण ते रडणं दुखण्याचं नव्हतं.

तिथून मी पुन्हा प्रार्थना करू लागलो. आता कुणी विचारतं, देवाने तुला काय दिलं? पाय तर तसाच. मी काय सांगणार. ताप चढायचा, दात वाजायचे, घोंगडीवर घोंगडी. पूर्वी त्या चार दिवसांत मी एकटा असायचो आणि वर एक न्यायाधीश असायचा. आता न्यायाधीश गेला. त्याच्या जागी एकजण उशाशी बसून असायचा. त्याचेही पाय खिळ्यांनी फाटलेले. तो काही करायचा नाही. बसायचा. मला तेवढं पुरायचं. चौथ्या दिवशी उठून मी पाय धुवायचो आणि मशीनवर बसायचो. वर्षानुवर्षं असंच. थकवा यायचा. अजून येतो. बरं होण्याची वाट बघायची सोडल्यावर थकवा थोडा हलका होतो, एवढंच.

इगर्जीत जायला लागलो तो मागेच बसायचो. दाराशी. ते मात्र बदललं नव्हतं.

बदललं ते फिलूमुळे.

फिलू म्हणजे सांतानबाय नावाच्या विधवेची मुलगी. सांतानबाय मालवणच्या बाजारात मासे विकायची. फिलू नऊ वर्षांची. तिला फेफरं यायचं. चालता चालता पडायची, हातपाय झाडायची, तोंडाला फेस. थोड्या वेळाने उठून विचारायची, "माका काय झाला?" त्या वर्षी तिचा पहिला कुमगार होता. लहान मुलं पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेतात तो सोहळा. पांढरा झगा मी शिवायला घेतला होता. गळ्याची लेस लावत होतो, तेवढ्यात सांतानबाय आली. टोपली डोक्यावरच.

"नको शिवूस. तिका रांगेत घेणत नाय."

"कोण म्हणता?"

"भाटकार. म्हणता, तोंडात प्रसाद आसताना पडली तर? देवाचो अपमान होतलो. आणि म्हणालो, ह्या आवशीबापसाच्या पापाचा फळ." ती थांबली. "तिचो बापूस दारू पी होतो. खोटा नाय ता."

ती रडत नव्हती. तिने ते मान्य केलं होतं. माझ्या आईसारखं. डावा पाय पुढे करणाऱ्या माझ्यासारखं.

माझ्या अंगात काहीतरी ताठ झालं. मी लेस पुरी लावली. झगा घडी करून तिच्या टोपलीवर ठेवला. म्हटलं, "आयतवारी तिका घाल. मी येतंय."

त्या रविवारी मी फिलूचा हात धरून इगर्जीच्या मधल्या वाटेने चालत गेलो. विजार घातली नव्हती. आखूड लुंगी. पाय सगळ्यांना दिसत होता. मुलांच्या रांगेच्या शेवटी तिला उभी केली आणि मी पहिल्या बाकावर बसलो. भाटकाराच्या बाकावर. तो आता म्हातारा झाला होता, पण काठी तीच.

"मागे जा," तो म्हणाला. "तिका घेऊन जा."

मी म्हटलं, "जाणंय नाय."

"तुका लाज नाय?"

"होती. सोळा वरसाचो होतंय तेव्हापासून होती. आता नाय."

वेदीवर नवा पाद्री होता, तरुण. मिसा, म्हणजे रविवारची उपासना, आता लॅटिनऐवजी आमच्या भाषेत होऊ लागली होती. मी त्याच्याकडे बघून म्हटलं, "फादर, आंधळ्याची गोष्ट तुमीच वाचल्यात. आमका समाजली ती. ह्या चेडवाचा पाप काय, ता माका सांगा. सांगलात तर मी हिका घेऊन जातंय."

पाद्रीचं तोंड पांढरं पडलं होतं. त्याच्या राहण्या-जेवणाची सोयसुद्धा भाटकारच बघायचा. मला त्याची कीव आली. मग तो पायरी उतरला. मुलांना एकेक प्रसाद देत रांगेच्या शेवटी आला. त्याने फिलूच्या जिभेवर प्रसाद ठेवला.

ती पडली नाही. पण म्हणून कुणी चमत्कार म्हणू नका. तीन आठवड्यांनी ती बाजारात पडली, कपाळ फुटलं. ती अजून पडते. माझा ताप अजून येतो.

त्या वर्षी पावसाआधी भाटकाराने आमच्या झावळ्या बंद केल्या. त्याच्या माडांच्या झावळ्यांनी आमचं घर शाकारलं जायचं, आजोबाच्या वेळेपासून. मला होडीतून दवाखान्यात नेणाऱ्या त्या शेजाऱ्याने आपल्यातल्या दिल्या. त्या अर्ध्या घराला पुरल्या. उरलेलं गळलं. मशीन कोरड्या कोपऱ्यात ओढून मी काम केलं. भाटकाराच्या नात्यातल्या घरांतून शिवण येणं थांबलं. बापूस तोवर वारला होता. आई म्हणाली, "माफी माग रे. मी ह्या वयात खंय जाव?" तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. म्हणूनच ते सर्वांत जड गेलं.

मग पाद्री आला. गळक्या पडवीत उभा राहिला. भिजला होता. म्हणाला, इगर्जीच्या कारभारी मंडळाची बैठक झाली. सगळ्या लोकांसमोर भाटकाराची माफी मागायची. वेदीपुढे गुडघे टेकून. एकदाच. मग घराचं, झावळ्यांचं, सगळं मिटेल. "तुझ्या आईसाठी तरी," तो म्हणाला. वाईट माणूस नव्हता. रात्रभर झोपला नसावा.

मी त्याला बसायला स्टूल दिलं. म्हटलं, "फादर, माजो गुडघो वाकणा नाय. धा वरसां झाली. देवासमोरय मी बसानच प्रार्थना करतंय. त्याका चलता."

पाद्री स्टुलावर टेकला.

"आणि वाकलो आसतो," मी म्हटलं, "तरी ह्या कामाक वाकवलो नसतो."

आई आत भांडी सरकवत होती. ती थांबली. मग पुन्हा सरकवू लागली.

पाद्री गेला. दुसऱ्या दिवशी रविवार होता. अंगात कणकण होती, जांघेत गाठ हाताला लागत होती. मी लवकर निघालो, कारण मला वेळ लागतो. पहिल्या बाकावर जाऊन बसलो. पुढच्या रविवारीही बसेन. उठवायचं असेल तर चारजणांनी उचलावं लागेल. मी आपण होऊन उठणार नाही.